कौल आणि साक्ष : कुमार कुस्ती स्पर्धांच्या नियोजनातील एक नैतिक प्रश्न

कुमार गटाच्या कुस्ती स्पर्धेची तारीख आणि ठिकाण ठरविण्यासाठी एखादी संघटना आपल्या सभासदांची मते मागविते, तेव्हा ती नेमके काय मागवीत असते, हा प्रश्न वरकरणी कार्यालयीन वाटला तरी मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. संघटनेचे सभासद म्हणजे संलग्न जिल्हा संघ किंवा राज्य संघ, आणि त्यांच्या वतीने बोलणारे अध्यक्ष व सचिव. त्यांपैकी अनेकांनी आखाडा सोडून कित्येक वर्षे लोटलेली असतात, तर काहींचा आखाड्याशी संबंध केवळ व्यवस्थापनाचा असतो. ज्याला किंवा जिला त्या तारखेला पहाटे काट्यावर उभे राहून वजन द्यावयाचे असते, तो चौदा-पंधरा वर्षांचा मल्ल मात्र संघटनेच्या घटनेनुसार सभासद नसतो. त्याला सभेची नोटीस जात नाही, त्याचे मत मोजले जात नाही, आणि निर्णय झाल्यानंतर तो त्याच्यापर्यंत बहुधा वस्तादांच्या तोंडून पोहोचतो. निर्णय घेणारे आणि निर्णयाचा भार अंगावर वागविणारे असे दोन वेगळे वर्ग जेथे असतात, तेथे पहिल्या वर्गाच्या मताला कोणता अधिकार असतो आणि तो कोठून येतो, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न कुमार गटातच इतका तीव्र का होतो, हे समजण्यासाठी वयोगटांची रचना लक्षात घ्यावी लागते. युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे 15 वर्षांखालील, 17 वर्षांखालील, 20 वर्षांखालील आणि 23 वर्षांखालील असे गट असून मल्लाचे वय जन्माच्या दिवसावरून नव्हे, तर जन्माच्या वर्षावरून धरले जाते. त्यामुळे 2008 साली जन्मलेला मुलगा 2023 च्या डिसेंबरअखेरपर्यंत 15 वर्षांखालील गटात राहतो आणि 1 जानेवारी 2024 रोजी, एका रात्रीत, आपल्यापेक्षा वर्षभराने मोठ्या आणि हाडाने भरलेल्या मुलांच्या गटात जाऊन पडतो. प्रौढ मल्लाची स्पर्धा पुढे ढकलली तर त्याची संधी पुढे सरकते. कुमार मल्लाची स्पर्धा वर्ष उलटून गेली तर ती संधी सरकत नाही, संपते. तिच्यासोबत राष्ट्रीय पातळीवरील पदकावर अवलंबून असणारी शिष्यवृत्ती, क्रीडा प्रबोधिनीतील प्रवेश आणि पुढे नोकरीत मिळू शकणारे आरक्षण या गोष्टीही दुरावतात. कुमार स्पर्धेचे नियोजन करणारी सभा म्हणूनच दुसऱ्याच्या परत न येणाऱ्या काळाचे वाटप करीत असते.

2023 च्या अखेरीस भारतीय कुस्ती महासंघात जे घडले, त्यात या प्रश्नाच्या सर्व बाजू एकाच ठिकाणी आलेल्या दिसतात. त्या वर्षी महिला मल्लांनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले, त्यांनी ते नाकारले, आंदोलन झाले, महासंघाच्या निवडणुका वेळेवर न झाल्यामुळे ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले, आणि अखेर 21 डिसेंबर रोजी निवडणूक होऊन नवे अध्यक्ष निवडून आले. त्याच दिवशी अशी घोषणा झाली की, 15 वर्षांखालील आणि 20 वर्षांखालील गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात नंदिनीनगर येथे वर्ष संपण्यापूर्वी होतील. तीन दिवसांनी, 24 डिसेंबरला, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीला निलंबित केले. मंत्रालयाने दिलेल्या कारणांत ही घोषणा घाईने झाली, स्पर्धकांना पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही आणि महासंघाच्या घटनेतील तरतुदी पाळल्या गेल्या नाहीत, यांचा स्पष्ट उल्लेख होता. त्या घटनेप्रमाणे राष्ट्रीय स्पर्धांची ठिकाणे कार्यकारिणीने निवडावयाची असतात. कार्यकारिणीच्या सभेसाठी किमान 15 दिवसांची, आणि तातडीच्या सभेसाठीही किमान 7 दिवसांची सूचना द्यावी लागते. आणि गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकतृतीयांश सदस्यांची असते.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. सभेला येऊन खुर्चीवर बसण्यासाठी कार्यकारिणीच्या सदस्याला घटनेने 15 दिवस देऊ केले आहेत, आणि आसामपासून केरळपर्यंतच्या मुलांना निवड चाचणी देऊन, रेल्वेचे आरक्षण मिळवून, वजन उतरवून गोंड्याला पोहोचण्यासाठी उरले होते 10 दिवसांहूनही कमी. पूर्वसूचना ही कागदी औपचारिकता आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ती कोणाच्या अंगावर पडते हे पाहिलेले नसते. वजनगटाच्या खेळात पूर्वसूचना शरीरात उतरते. 45 किलोच्या गटात खेळू इच्छिणारा मुलगा एरवी 47 किलोचा असेल, तर महिनाभर आधी तारीख कळल्यास त्याचा वस्ताद खुराक आणि मेहनत यांचा मेळ घालून ते वजन सावकाश उतरवू शकतो. आठवडाभर आधी कळल्यास तोच मुलगा जेवण तोडतो, अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून धावतो आणि आदल्या रात्री पाण्याच्या घोटाऐवजी चूळ भरून थुंकतो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत अशा प्रकारे झपाट्याने वजन उतरविताना महाविद्यालयीन वयाचे तीन मल्ल मरण पावले आणि तेथील नियम बदलावे लागले. आता आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक वजनगटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यावे लागते, त्यामुळे एका रात्रीत पाणी काढून दुसऱ्या रात्री ते भरून घेण्याची पळवाट बरीच अरुंद झाली आहे. पण नियमाने मिळालेले हे संरक्षण उशिरा कळलेली तारीख हिरावून घेऊ शकते.

आयोजकांच्या बाजूलाही एक खरा नैतिक युक्तिवाद होता, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्षभराच्या गोंधळात कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धा रखडल्या होत्या. 31 डिसेंबरपूर्वी त्या झाल्या नसत्या तर मुलांचे वर्ष वाया गेले असते. म्हणून सभेच्या सोपस्कारांपेक्षा मुलांचे वर्ष मोलाचे मानले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 3 जानेवारी 2024 रोजी दिल्लीत जंतरमंतरवर शेकडो कुमार मल्ल जमले आणि आपले वर्ष बुडाल्याबद्दल त्यांनी आंदोलनाचे नेतृत्व केलेल्या नामवंत मल्लांनाच दोष दिला. त्या जमावाला कोणी आणले याविषयी तर्क करता येतील, परंतु ज्या मुलाचे गटातील शेवटचे वर्ष हातून गेले त्याची हळहळ कोणी आणून दिलेली नव्हती. स्पर्धा जाहीर करताना मुलांना विचारले गेले नव्हते आणि ती थांबवतानाही विचारले गेले नाही. दोन्ही निर्णय मुलांच्या हिताचे नाव घेऊन झाले आणि दोन्ही वेळा ते हित कशात आहे हे मुलांखेरीज इतरांनी ठरविले, हे या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

असे असले तरी आयोजकांचा युक्तिवाद शेवटपर्यंत टिकत नाही. मुलांचे वर्ष वाचविणे हा हेतू मानला तरी ठिकाणाची निवड त्या हेतूतून निघत नाही. ज्या माजी अध्यक्षांवर मुलींनी आरोप केले होते, त्यांच्या प्रभावक्षेत्रातच कुमार गटातील मुलींनी खेळण्यासाठी यावे, ही अपेक्षा कार्यकारिणीच्या रीतसर सभेत मांडली गेली असती, तर कोणत्या तरी राज्याच्या एखाद्या प्रतिनिधीने पालकांची भीती बोलून दाखविली असती, आणि निदान ती इतिवृत्तात नोंदली गेली असती. विचारविनिमयाचे मोल येथे दिसते. घाईत जी गोष्ट गळून पडते ती बहुधा सर्वांत दुबळ्याची असते, कारण बलवानाची गोष्ट सभेशिवायही पोहोचते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सभासदाच्या मताकडे पाहण्याच्या दोन रीती संभवतात. पहिल्या रीतीत मत म्हणजे कौल, म्हणजेच सभासदाची पसंती. सर्वांच्या पसंतीची बेरीज करावी आणि जो पर्याय अधिकांना सोयीचा असेल तो स्वीकारावा. दुसऱ्या रीतीत मत म्हणजे साक्ष. सभासदाला आपल्या जिल्ह्यातील मुलांची जी स्थिती ठाऊक आहे ती त्याने सभेपुढे ठेवावी आणि त्या सर्व साक्षी तोलून सभेने निर्णय करावा. व्यवहारात संघटना साक्षीच्या हेतूने पत्रे पाठवितात आणि कौलाच्या पद्धतीने उत्तरे मोजतात, आणि बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो.

केवळ कौल मोजून तारीख ठरविता येईल ही समजूत किती कच्ची आहे, हे फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने 1785 च्या आपल्या ग्रंथात गणिताने दाखविले होते. महाराष्ट्राच्या परिस्थितीत त्याचे उदाहरण असे मांडता येईल. कुमारांच्या राज्य स्पर्धेसाठी दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, जानेवारी आणि मे असे तीन पर्याय आहेत आणि सभासदांचे जवळपास सारख्या बळाचे तीन गट आहेत, असे धरू. यात्रांच्या पट्ट्यातील गटाला चैत्र-वैशाखातील मैदाने मोकळी हवी असल्यामुळे त्याचा क्रम नोव्हेंबर, जानेवारी, मे असा लागतो. ज्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेथील गटाला मुले गावी परतल्यावरचा मे सर्वांत बरा, निघण्याच्या सुमाराचा नोव्हेंबर दुसरा आणि सगळी कुटुंबे फडावर असतानाचा जानेवारी शेवटचा. शहरी गटाला दहावी-बारावीच्या परीक्षांपूर्वीचा जानेवारी पहिला, परीक्षा संपल्यावरचा मे दुसरा आणि सत्र परीक्षा व सुट्टी यांनी सराव मोडलेला नोव्हेंबर तिसरा. आता दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवले, तर नोव्हेंबर जानेवारीला हरवितो, जानेवारी मेला हरवितो, आणि मे नोव्हेंबरला हरवितो. बहुमत गोल फिरत राहते. कोणती जोड आधी लावावी हे ठरविणारा अध्यक्षच निकाल ठरवितो, कारण जो पर्याय सर्वांत शेवटी मतास टाकला जाईल तोच येथे जिंकतो. प्रत्येक सभासदाने प्रामाणिक मत दिले, मोजणीत काडीचीही लबाडी झाली नाही, आणि तरीही सभेचे मत असे काही अस्तित्वातच नव्हते, असे घडू शकते.

साक्ष म्हणून पाहिले तर याच माहितीचा अर्थ पालटतो. तेथे एका गटाचे दुसऱ्याइतकेच बळ आहे हे महत्त्वाचे उरत नाही. कोणत्या तारखेने कोणत्या मुलाचे काय जाते, हा प्रश्न पुढे येतो. जानेवारीत स्पर्धा घेतल्यास शहरातील मुलाची सोय होते, पण फडावर गेलेल्या मुलाला स्पर्धाच नाकारली जाते. मेमध्ये घेतल्यास यात्रेच्या मैदानांतील इनाम बुडते. हे इनामही क्षुल्लक नव्हे, कारण गरीब घरातील पोराचा दूध-बदामाचा खर्च अनेकदा त्यावर चालतो. तरीही मैदानांच्या तारखांमधून वाट काढता येते आणि ऊसतोडीच्या हंगामातून ती काढता येत नाही. असा विचार करणाऱ्या सभेला मोजणीआधीच एक पर्याय बाद करावा लागेल, आणि तो बाद करण्याचे कारण एकाच जिल्ह्याच्या सचिवाने सांगितलेले असले तरी पुरेसे ठरेल.

साक्षीचे प्रामाण्य कशावर ठरते याची चर्चा भारतीय तर्कशास्त्राने फार काळजीपूर्वक केली आहे. न्यायदर्शनात शब्द हे ज्ञानाचे एक स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले आहे. मात्र तो शब्द आप्ताचा असावा लागतो. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे स्पष्ट केले आहे : ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो. या विचारातील क्रांतिकारक भाग हा शेवटचा आहे, कारण त्यामुळे प्रामाण्य प्रतिष्ठेकडून काढून जाणिवेकडे आणि प्रामाणिकपणाकडे दिले जाते. ही कसोटी कुस्तीच्या सभेला लावली तर तालमीकडे कधी न फिरकणारा सचिव निवडून आलेला असूनही आप्त ठरत नाही, आणि रोज पहाटे मुलांना माती खणायला लावून मग मेहनत करून घेणारा वस्ताद सभासद नसूनही आप्त ठरतो.

तेवढ्यावरही थांबता येत नाही. आपले शरीर किती वजन सुखाने पेलते, परीक्षेच्या आठवड्यात सराव होतो की नाही, परक्या गावी मुक्कामाच्या खोलीत भीती वाटते का, या बाबतींत पंधरा वर्षांची मुलगी स्वतः आप्त असते आणि तिच्या वतीने बोलणारा प्रत्येक जण ऐकीव माहितीवर बोलत असतो. स्पर्धेचा खर्च, पंचांची उपलब्धता, गाद्यांची संख्या यांबाबत ती आप्त नाही. म्हणजे मुलांना मतदानाचा हक्क द्यावा की नाही हा वाद येथे अप्रस्तुत ठरतो; ज्या विषयात त्यांची साक्ष हेच एकमेव प्रत्यक्ष प्रमाण आहे, त्या विषयात ती घेतल्याशिवाय केलेला निर्णय हा प्रमाणाशिवाय केलेला निर्णय असतो. 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने आपल्यासंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा आणि वय व समज यांनुसार त्या मताला वजन मिळण्याचा हक्क मुलांना दिला आहे, आणि भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. न्यायदर्शनाच्या वाटेने गेल्यास त्या हक्काला ज्ञानशास्त्राचाही आधार मिळतो.

सामूहिक निर्णयाची सर्वांत तपशीलवार धार्मिक पद्धती प्राचीन भारतात बौद्ध संघाने घडविली, आणि विनयपिटकात तिची सांगोपांग नोंद आहे. संघापुढे विषय मांडण्याच्या विधीला ज्ञप्ती म्हणत. महत्त्वाच्या कर्मात ती मांडल्यावर प्रस्ताव तीनदा उच्चारला जाई आणि मौन हे संमतीचे लक्षण मानले जाई. आजारपणामुळे येऊ न शकणाऱ्या भिक्षूने आपला छंद, म्हणजे संमती, दुसऱ्या भिक्षूबरोबर पाठविणे आवश्यक असे. सीमेतील भिक्षूला वगळून अपुऱ्या संघाने केलेले कर्म अवैध ठरे. मतभेद मिटेनासा झाला तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून बहुमत घेत, आणि त्या वाटणारा शलाकाग्राहापक पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चारींपासून मुक्त असावा, तसेच कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती नाही हे त्याला नीट कळावे, अशी अट होती. शलाका गुप्तपणे, उघडपणे किंवा कानात सांगून घेता येत. आजच्या संघटनेत मतपत्रे गोळा करणारा सचिव बहुधा कोणत्या तरी गटाचा असतो, आणि अध्यक्षांच्या मर्जीतील ठिकाणाविरुद्ध उघड हात वर करणे लहान जिल्ह्याच्या प्रतिनिधीला परवडत नाही. अशा वेळी या प्राचीन अटी किती अनुभवातून आल्या असतील याची कल्पना येते.

याच विनयात एक तरतूद अशी आहे की, अधर्माच्या बाजूचे अधिक आहेत असे दिसल्यास शलाकाग्राहापकाने ते मतदान नीट झाले नाही म्हणून रद्द करावे. आधुनिक वाचकाला ती खटकेल आणि खटकलीच पाहिजे, कारण एका माणसाच्या हाती इतका अधिकार देणे धोक्याचे आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व, म्हणजे काही गोष्टी बहुमताच्या कक्षेतच येत नाहीत हे तत्त्व, सोडून देता येत नाही. मुलींच्या मुक्कामाची सुरक्षितता, आखाड्याशेजारी डॉक्टरची उपस्थिती आणि वजन घेण्याची ठरलेली रीत या गोष्टी सभासदांना मतास टाकता येणार नाहीत. त्या कोणा व्यक्तीच्या विवेकावर न सोडता घटनेत लिहून ठेवाव्यात, एवढाच बदल आजच्या काळाने करावयाचा आहे.

संघाने अल्पवयीनांचा प्रश्नही हाताळला होता. वीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षूपद, मिळत नसे, त्यामुळे श्रामणेराला, म्हणजे नवशिक्या भिक्षूला, संघकर्मात मत नव्हते. बुद्धांचा मुलगा राहुल याला प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, दिली गेल्यावर बुद्धांचे वडील शुद्धोदन यांनी बुद्धांजवळ आपले दुःख बोलून दाखविले आणि आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम मागून घेतला, अशी कथा विनयात येते. एका आजोबाच्या वेदनेमुळे नियम बदलला, आणि बदलणाऱ्याने स्वतःचा निर्णय आधीच झालेला आहे म्हणून ती वेदना बाजूला सारली नाही, हे त्या कथेत विशेष आहे. मत नसलेल्याची बाजू नियमात कशी शिरते, याचा तो नमुना आहे.

मुलांविषयी निर्णय करणाऱ्यांना बांधून घेण्याचा नमुना भारताबाहेरही सापडतो. ग्रीसमधील ऑलिंपियाच्या क्रीडोत्सवात इसवी सनपूर्व 632 पासून मुलांची वेगळी कुस्ती होऊ लागली. पौसानियास या प्रवासवर्णनकाराने नोंदविले आहे की, शपथेचा रक्षक मानलेल्या झ्यूसच्या मूर्तीपुढे मल्लांबरोबर त्यांचे वडील, भाऊ आणि शिक्षक हेही शपथ घेत. आणि मुलांचे वय तपासणारे परीक्षक निराळी शपथ घेत, ती अशी की आपण लाच न घेता न्याय्य निर्णय देऊ आणि एखाद्याला का घेतले किंवा का नाकारले हे गुप्त ठेवू. कोवळ्या देहाविषयी निर्णय करणाऱ्याला तेथे खेळाडूपेक्षाही कडक बंधनात ठेवले होते. भारतात 2025 मध्ये खोट्या जन्मदाखल्यांच्या कारणावरून मल्लांवर निलंबनाची कारवाई झाली. दाखला खोटा असला तर शिक्षा मल्लाला होते, पण तो दाखला घडविणाऱ्या आणि डोळेझाक करणाऱ्या मोठ्यांना बांधून ठेवणारी शपथ आपल्या व्यवस्थेत कोठे आहे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

धर्माचा संबंध केवळ विधींपुरता नाही, पंचांगाशीही आहे. मराठी मुलखात कुस्ती ही मारुतीच्या साक्षीने चालत आली. हळद, लिंबू, तेल आणि ताक घालून मळलेल्या लाल मातीला हात लावून तो कपाळी नेल्याखेरीज पैलवान हौद्यात उतरत नाही, आणि त्या मातीत मुसलमान वस्तादांनी हिंदू पोरे आणि हिंदू वस्तादांनी मुसलमान पोरे घडविली आहेत. म्हणून तारीख ठरविताना श्रावण, नवरात्र आणि रमजान यांविषयीच्या सूचना येतात तेव्हा त्यांना केवळ भावनांचा मान म्हणून पाहू नये. रमजानचा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2024 ते 2026 या वर्षांत तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या पट्ट्यात, परीक्षांच्या आगेमागे आला. दिवसभर पाणीही न घेणाऱ्या मुलाने त्याच आठवड्यात दोन सकाळी वजन देऊन दुपारी कुस्त्या खेळाव्यात, ही मागणी त्याला श्रद्धा आणि पदक यांपैकी एक निवडायला लावते, आणि सोळाव्या वर्षी अशी निवड लादण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला असू शकत नाही. श्रावणात अंडी-मांस न खाणाऱ्या मुलाची अडचण त्या मानाने हलकी आहे, कारण दूध, तूप, थंडाई त्याला चालते. येथे कसोटी समाजाच्या संख्येची नसून मुलाच्या देहावर येणाऱ्या भाराची आहे. जिल्ह्यात रोजा ठेवणारा कुमार मल्ल एकच असला, तरी त्याच्याविषयीची साक्ष तितकीच भरते.

राहिला प्रश्न निर्णयानंतरच्या वर्तनाचा. विनयात दोन नियम शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. धर्मानुसार मिटलेला वाद जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हा पाचित्तिय, म्हणजे कबुली द्यावी लागणारा दोष, मानला आहे. आणि वैध कर्माला आपला छंद देऊन मागाहून कुरकुर करणे हाही तसाच दोष आहे. महाराष्ट्राने याच्या उलट स्थिती पाहिली आहे. 2023 च्या नोव्हेंबर महिन्यात दोन वेगळ्या संघटनांनी धाराशिव आणि फुलगाव येथे दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा घेतल्या आणि एकाच किताबाचे दोन मानकरी झाले. मोठ्या मल्लांनी ते कसेबसे निभावून नेले. परंतु अशी फूट कुमार गटात उतरली, की कोणत्या गादीवर खेळल्याने राज्याच्या संघात निवड होईल आणि कोणत्या प्रमाणपत्राला शासन मान्यता देईल, हे पंधरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या शेतकरी बापाने ओळखावे अशी अपेक्षा उरते. 2024 च्या आरंभी राष्ट्रीय पातळीवरही तसेच झाले : निलंबित महासंघाने जानेवारीअखेर पुण्यात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि निलंबनानंतर महासंघाचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या हंगामी समितीने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जयपूरला.

तथापि विनयाचा नियम आंधळ्या आज्ञाधारकतेचा नाही. वाद उकरणे दोष ठरते ते तो धर्मानुसार मिटला असेल तरच; सूचना न देता, अपुऱ्या उपस्थितीत, वगळलेल्यांच्या मागे केलेला निर्णय मिटलेलाच नसतो, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या जिल्हा सचिवाला बंडखोर म्हणणे अन्यायाचे आहे. त्यामुळे एखाद्या कुमार स्पर्धेच्या तारखेवरून उठलेला वाद न्याय्य की आडमुठा, हे ठरविण्यासाठी पाहावी लागते ती सभेची नोटीस कोणत्या तारखेला निघाली याची नोंद, हजेरीपत्रकावरील सह्या आणि इतिवृत्तात विरोधी मत लिहिले गेले की नाही ती ओळ. आणि ज्यांच्या मुलाचे वर्ष त्या तारखेवर टांगलेले असते, त्या आईवडिलांना ही कागदपत्रे पाहण्याची सोय संघटनांनी आजवर क्वचितच ठेवली आहे.